लोड आला की बसतंय

आजारी माणसाच्या समाचाराला जावे तसे यंत्राच्या समाचाराला जाणारे गृहस्थ या पृथ्वीतलावर एकच असावेत, आणि दैवयोगाने ते माझे व्याही आहेत. लग्न ठरण्यापूर्वी ही मंडळी आमचे घर पाहायला प्रथमच रावेतला आली होती. चहा-पोहे झाले, दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींच्या साड्यांचे पोत डोळ्यांनी तपासले, आमचा मुलगा शिकवलेल्या जागी शिकवल्याप्रमाणे बसला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. हे एकटे स्वयंपाकघराच्या दिशेने कान देऊन बसले होते. मी अदबीने विचारले, "आपल्याला काही हवंय का?" तेव्हा ते म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या फ्रिजला दम लागतोय." एवढे बोलून ते उठले, आत गेले, तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी फ्रिजच्या कुशीवर तळहात ठेवला आणि तो वीतभर पुढे ओढून म्हणाले, "भिंतीला चिकटवून झोपवलाय बिचाऱ्याला. आता घील श्वास." मुलगा पसंत पडल्याचे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळवण्यात आले, फ्रिज त्याच बैठकीत पसंत पडला होता.

आमचे व्याही मोशीच्या जुन्या शेतकरी घराण्यातले. ज्या वावरात त्यांच्या वडिलांनी ज्वारी काढली तेथे आता उंच उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या गॅलऱ्यांतून लोक ह्यांच्या अंगणातल्या चुलीकडे कौतुकाने पाहतात. पण ह्यांचे मन मातीत कधी रमले नाही. ते रमले चाकणच्या एका कारखान्यात, पत्रा दाबून मोटारींचे भाग काढणाऱ्या अजस्र यंत्रांच्या सहवासात. उभी हयात त्यांनी तेथे मेंटेनन्सला काढली. आता ते निवृत्त आहेत, पण ते हजेरीपुरतेच. त्यांच्या लेखी जगात वस्तू दोनच प्रकारच्या: आवाज करणाऱ्या, आणि आवाज करायला हव्यात पण करत नाहीत अशा. कोणतेही यंत्र दिसले की ते खिशातून लांब दांडीचा स्क्रूड्रायव्हर काढतात, त्याचे टोक यंत्राला टेकवतात, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला लावतात आणि डोळे मिटतात. पिठाची गिरणी, पाण्याची मोटर, शेजाऱ्याचा कूलर, कोणीही ह्या तपासणीतून सुटलेले नाही. उघडलेले यंत्र परत जोडताना त्यांच्याकडे नेमाने एक स्क्रू उरतो, आणि त्याची त्यांना खंत नसते. "एक बी उरला न्हाई म्हंजी नीट उघडलंच न्हवतं," असा त्यांचा सिद्धान्त आहे.

त्यांच्या मुलीच्या, म्हणजे आमच्या सूनबाईंच्या लग्नात मंगलाष्टके सुरू झाली आणि वधूपिता सापडेना. शोधाशोध झाली तेव्हा ते मांडवामागे, जनरेटरला कान लावून उभे असलेले आढळले. "शेवटच्या कडव्याला बंद पडलं असतं," ते म्हणाले. त्यावर विहीणबाईंनी भर मांडवात सुनावले, "पडलं असतं तर पडलं असतं! लेक तर दिसली असती डोळ्यांना." तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. ते धुरामुळे, असे त्यांनी मला न विचारता सांगितले, आणि मीही, तेव्हा वरपित्याच्या तोऱ्यात असल्यामुळे, ते खरे मानले.

त्यांचे निदान नेहमीच अचूक असते असा कोणाचा समज होऊ नये. एकदा आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो असता, आमची गाडी अंगणात वळते आहे तोच ते हात वर करून पुढे आले. "पाव्हणं, थांबा. मागल्या बाजूला डिफरन्शियल गेलंय." मी म्हणालो, "अहो, चांगली चालतेय." "चांगलीच चालती, आन् घाटात दगा देती," ते गंभीरपणे म्हणाले. आम्हाला त्यांनी गाडीने परत जाऊ दिले नाही, रिक्षाने पाठवले. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने गाडीची डिकी उघडली तेव्हा आतून एक नारळ गडगडत बाहेर आला. मागच्या खेपेला विहीणबाईंनी माझ्या पत्नीच्या ओटीत घातलेला तो नारळ वळणावळणाला ह्या टोकाकडून त्या टोकाकडे जात होता. हे कळल्यावर व्याही जराही खजील झाले नाहीत. "आवाज हुता का न्हाई?" एवढेच त्यांनी विचारले.

पण त्यांचे खरे काळीज होते ते माडीवरच्या खोलीतल्या काँप्युटरात. हा काँप्युटर सूनबाई अश्विनी हिने कॉलेजात असताना घ्यायला लावलेला. पुढे तिला हिंजवडीत नोकरी लागली, लग्न झाले, आणि आमच्या मुलाला त्याच्या कंपनीने जर्मनीला पाठवल्यावर तीही तिकडे गेली. काँप्युटर मोशीत राहिला. त्यावर विहीणबाईंनी जुन्या सोलापुरी चादरीची खोळ शिवून घातली होती. व्याही रोज सकाळी आंघोळ झाली की चपला खोलीबाहेर काढून आत जात, खोळ काढत, हात लावून पाहत आणि बटण दाबत. पडदा उजळला की मधोमध 'अश्विनी' हे नाव येई आणि त्याखाली स्वागताचा शब्द. तेवढे पाहून झाले की ते यंत्र पुन्हा बंद करत. काम काहीच नसे. मी एकदा म्हणालो, "तुम्ही तुमच्या नावाने उघडत जा की." ते म्हणाले, "मशीन ज्याच्या ताब्यात दिलंय त्याच्याच नावानं चालतं. आमी फक्त देखभालीला."

दर रविवारी दुपारी ह्याच यंत्रावर जर्मनीशी बोलणे होत असे, आणि त्यासाठी आम्ही उभयता रावेतहून मोशीला जात असू. खरे तर फोनवरही चेहरे दिसतात. पण फोनबद्दल व्याह्यांचे मत वाईट होते. "लेक पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसती. मोठ्या पडद्यावर माणूस माणसासारखं दिसतं." बोलणे सुरू झाले की त्यांच्या चौकशीला अंत नसे. भाजी कुठली केलीस, नळाला पाणी किती जोरात येतं, ते भिंतीतलं हीटर दाखव, आणि एकदा तर, "ते कपडे धुवायचं मशीन चालू कर, आन् फोन त्याच्या अंगाला लाव, ऐकू दे मला." अश्विनी हसत हसत सारे करी. तिकडच्या यंत्राचा घरघराट मोशीच्या माडीवर घुमे आणि हे डोळे मिटून म्हणत, "बरं हाय. काळजी न्हाई." मग खुर्ची माझ्याकडे येई. मी मुलाला विचारी, "हवा कशी आहे?" तो सांगे, "थंड आहे, बाबा." मी म्हणे, "इथे ऊन आहे." तो विचारी, "तब्येत?" मी म्हणे, "उत्तम." एवढ्यात आमच्या बोलण्यातले सगळे संपलेले असे, आणि मी खुर्ची परत देई. मी आयुष्यभर एका कंपनीच्या खरेदी विभागात नेमके आणि आटोपशीर बोलत आलो; तसे बोलणे हा गुण आहे असे मला तोवर वाटत होते. परतताना पत्नी म्हणे, "त्यांनी लेकीला नळाचं पाणी विचारलं. तुम्ही लेकाला काय विचारलंत?" मी गाडी चालवण्यात लक्ष आहे असे दाखवत असे.

गेल्या वर्षी त्या यंत्राने असहकार पुकारला. ते सुरू होई, नाव येई, सारे ठीक चाले. पण नेटची वायर लावली की थोड्याच वेळात पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजे. मग काही दाबा, काही हलवा, ते ढिम्म. वायर काढून बंद-चालू केले की पुन्हा गुणी बाळासारखे चाले. व्याह्यांनी तीन-चार वेळा हा प्रयोग करून पाहिला, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि निदान सांगितले, "बिनलोडला चालतंय, लोड आला की बसतंय." हे ऐकून मला का कोण जाणे, विमानतळावर मुलाला निरोप दिला तो दिवस आठवला. सगळे रडत होते आणि मी पार्किंगची पावती शोधत होतो.

निदान झाले, पण लोड कसला ते कळेना. कारखान्यातला त्यांचा नियम असा की एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर गुण कशाने आला ते समजत नाही. त्यानुसार एका रविवारी वायर बदलली. एका रविवारी नेटवाल्याला बोलावले. त्याने पेटीवरचे दिवे पाहिले, "आमच्याकडून ओके आहे, काका," म्हणाला आणि निघाला. तो जिना उतरेपर्यंत व्याही त्याच्या मोटरसायकलचा सायलेन्सर ऐकत होते. एका रविवारी त्यांनी अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओतले. नंतर त्यांचा संशय घरामागच्या फॅब्रिकेशनवाल्यावर गेला. "त्येचं वेल्डिंग चालू झालं की लाइन थरथरती," असे म्हणून ते मला साक्षीला घेऊन तिकडे गेले. "भावा, जरा वेल्डिंग थांबव. लेकीशी बोलायचंय." तो बिचारा तोंडावरची काच वर करून म्हणाला, "आप्पा, निम्मं गेट झालंय हो! गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय." "मग आमचं बोलणं होईस्तोवर च्या पी," असा तोडगा निघाला. त्याला चहा पाजला, त्याच्या दोघा कारागिरांना पाजला, गिऱ्हाइकालाही पाजला. वर जाऊन नेट लावले. यंत्र बसले. खालून आवाज आला, "आप्पा, झालं का? करू चालू?" व्याह्यांनी खिडकीतून नुसता हात हलवला. त्या हाताची मला फार दया आली.

चिंचवडच्या एका दुकानदाराने सल्ला दिला की जुने यंत्र काढा आणि नवे घ्या. त्यावर व्याह्यांनी त्याला विचारले, "तुमचं वय काय?" आणि उत्तराची वाट न पाहता यंत्र काखोटीला मारून ते परत आले. कारखान्यात दुरुस्तीला काढलेल्या यंत्रावर लावतात तशी लाल चिठ्ठी त्यांनी त्यावर लटकवली: 'काम चालू आहे. हात लावू नये.' रविवारचे बोलणे विहीणबाईंच्या फोनवर होऊ लागले. त्या वेळी हे पाठीमागे पलंगावर पाठमोरे बसत आणि मधूनच विचारत, "नीट जेवती का, इचार." स्वतः मात्र पडद्याकडे पाहत नसत. तिकिटाएवढ्या लेकीशी त्यांनी अबोला धरला होता.

अशातच गोड बातमी आली. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. पण तिकडच्या डॉक्टरांनी अश्विनीला प्रवासाची परवानगी दिली नाही. तेव्हा ठरले असे की बाळंतपणाला माहेरच तिकडे जाईल. ह्या दोघांचे पासपोर्ट-व्हिसाचे काम सुरू झाले. पण सातव्या महिन्यातले डोहाळजेवण काही व्हिसासाठी थांबत नाही. विहीणबाईंचा निश्चय पक्का होता: "लेक तितं का असंना, ओटी हितंच भरायची." आणि व्याह्यांचा निश्चय त्याहून पक्का: "मोठ्या पडद्यावर."

त्या दिवशी मोशीच्या घरात मी जे पाहिले ते पुन्हा पाहायला मिळणार नाही. बैठकीच्या खोलीत झोपाळा टांगला होता, त्याला मोगऱ्याचे आणि शेवंतीचे गजरे सोडले होते, आणि जेथे गर्भारशीने बसायचे तेथे, मऊ गादीवर, काँप्युटरचा पडदा बसवला होता. त्याच्या चारी कडांना फुलांची वाडी बांधली होती. मुख्य यंत्र झोपाळ्याखाली पाटावर होते, पाटाभोवती रांगोळी, आणि रांगोळीतून नेटची वायर गेली होती. आळंदीहून आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, आत्याबाईंनी, सवयीने झोपाळ्याला हात घातला, तसे हे ओरडले, "अक्का, झोका देऊ नगंस! वायर निघंल." आत्याबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "झोपाळ्यावर बसवलंय आन् झोका द्यायचा न्हाई? आरं, हे डोहाळजेवण हाय का तुझ्या कंपनीतली खंडेनवमी?" बायका खळखळून हसल्या. माझी पत्नीही हसली. व्याह्यांनी मात्र कोणाकडेही न पाहता चिठ्ठी काढली, यंत्राला हात लावला आणि बटण दाबले. फुलांच्या चौकटीत 'अश्विनी' हे नाव उजळले. "आली, आली!" आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांनी वायर लावली. बाण थोडा हलला आणि थिजला.

विहीणबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आप्पा, लागत का नाही? मी केव्हाची नटून बसलेय."

"आगं, नेट लावलं की बसतंय ते," व्याही म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"पडद्यावर काय दिसतंय ते सांगा बरं. अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात?"

"घड्याळ हाय. त्येच्या शेजारी ढग हाय."

"ढगात काही फिरतंय का?"

"फिरत हुतं. आता ते बी थांबलं. त्ये पावसाचं हाय न्हवं?"

मी जवळच उभा होतो आणि मलाही ते हवामानच वाटत होते. किंबहुना रविवारच्या संभाषणाची तयारी म्हणून मी त्या ढगाकडे अनेकदा पाहिले होते.

पलीकडून अश्विनी हसली, आणि हसता हसता तिचा आवाज थोडा ओला झाला. "आप्पा, ते पावसाचं नाही. ते माझं आहे. निघताना मीच लावून ठेवलं होतं. माझ्या फोनमध्ये काढलेला प्रत्येक फोटो आपोआप घरच्या काँप्युटरवर यावा, म्हणजे घरी एक प्रत राहील. मी विसरूनही गेले होते. आता नव्या फोनचे व्हिडिओ एवढाले मोठे, आणि काँप्युटरात जागाच उरली नसेल. नेट आलं की सगळं एकदम आत यायला बघतं आणि दारातच अडकतं."

व्याही झोपाळ्याची कडी धरून उभे होते.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "आमी वायर लावली की तू घरी याय बघतीस?"

"हो आप्पा. तसंच म्हणा."

"आन् आमच्याकडं जागा न्हाई."

"अहो, सोपं आहे ते. वायर काढून पुन्हा चालू करा आणि मी सांगते तसं करून माझं अकाउंट काढून टाका. लगेच मोकळं होईल."

"करा की पटकन," विहीणबाई म्हणाल्या. "पोरगी ताटकळलीया तिकडं."

त्यांनी वायर काढली, यंत्र बंद केले, पुन्हा सुरू केले. पुन्हा ते नाव उजळले. त्यांचा हात माउसवर होता, पण तो हलेना. क्षणभर मला वाटले की आता हेही बसले.

"आन् हे नाव?" त्यांनी विचारले.

"कुठलं नाव?"

"चालू केल्यावर येतं त्ये."

"ते जाईल. तिथे तुमचं टाकू."

"माझं नाव बघून काय करू? मला म्हाईत हाय माझं नाव."

आत्याबाई काहीतरी बोलणार होत्या. माझ्या पत्नीने त्यांचा हात दाबला.

"फोटो कुठे जात नाहीत, आप्पा," अश्विनी समजुतीने म्हणाली. "इथे माझ्याकडे आहेतच ना सगळे."

"तितं हायत ते ठावं हाय गं," व्याही म्हणाले. "पर निघालेत ना हिकडं? निघालेल्याला वाटंतनं माघारी धाडायचं न्हाई. येऊ देत. जागा करतो मी." आणि त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला.

मग त्यांनी आणि मी मिळून तो पडदा झोपाळ्यावरून उतरवला आणि त्याची फुलांची चौकट सोडवून झोपाळ्याच्या कड्यांना बांधली. विहीणबाईंच्या हातातला फोन त्यांनी स्वतः मागून घेतला, चेहरा दिसू लागल्यावर तो फुलांच्या चौकटीच्या मधोमध धरला आणि झोपाळ्याशेजारी उभे राहिले. इतक्या आठवड्यांनंतर त्यांनी प्रथमच त्या तिकिटाकडे नीट पाहिले. डोहाळजेवण झाले. गाणी झाली, हळदकुंकू झाले, विहीणबाईंनी आणि माझ्या पत्नीने झोपाळ्यावरच्या गादीत ओटी भरली. पेढा आणि बर्फी झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या. अश्विनीने तिकडून बोट दाखवले, पण ते कोणत्या वाटीला यावर बायकांत दोन तट पडले, शेवटी दोन्ही उघडून दोन्ही संपवण्यात आल्या, आणि मुलगा की मुलगी हा प्रश्न होता तेथेच राहिला. एवढा सगळा वेळ त्यांचा हात लांब केलेला होता. मनगट थरथरताना पाहून मी म्हणालो, "द्या, थोडा वेळ मी धरतो." "न्हाई पाव्हणं," ते डोळे न हलवता म्हणाले, "लोड हाय, पर बसत न्हाई."

पुढच्या रविवारी जागा करण्याचे काम झाले. यंत्रात भरले होते काय, तर व्याह्यांनी वर्षानुवर्षे साठवलेला ऐवज: गिअरबॉक्स उघडण्याचे, प्रेसचा क्लच बदलण्याचे, कोणत्या तरी परक्या भाषेत बेअरिंग बसवण्याचे व्हिडिओ, आणि तितकीच कीर्तने. नेट नसताना पाहता यावीत म्हणून जमवलेली. एकेक निवडून ते पुसत होते आणि पुसताना दरवेळी म्हणत होते, "जा बाबा." कीर्तनांशी आल्यावर ते थबकले. मग म्हणाले, "म्हाराज आळंदीत हायतच. पोरगी न्हाई," आणि तीही गेली.

वायर लावली. बाण थिजला. आम्ही दोघे स्टीलच्या पेल्यांत चहा घेऊन समोर बसलो. बराच वेळ काहीच झाले नाही; आणि मग, कोणी न हलवता, तो बाण सरकला. एकेक फोटो उतरू लागला. बर्फाने झाकलेली सायकल. नळ. ते भिंतीतले हीटर. करपलेली भाकरी. दोष तव्याचा, हे दाखवायला काढलेली असावी. प्रत्येकावर व्याही बारकाईने बोलत होते. मग एक फोटो आला. स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरा उभा असलेला आमचा मुलगा, आणि त्याच्या अंगात माझा जुना तांबडा स्वेटर. तो जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या बॅगेत तो न बोलता कोंबला होता. हा कशाला घालील, तिकडे चांगले मिळतात, असे मनाशी म्हणतच. त्याने त्याचा उल्लेख कधी केला नाही आणि मी कधी विचारले नाही. पुढच्या फोटोत तोच स्वेटर. त्यानंतर खिडकीत, वाचताना, तोच. कोपराशी तो इतका विरला होता की आतल्या सदऱ्याची पांढरी कड दिसत होती. इतके रविवार आम्ही हवेबद्दल बोललो, आणि ती हवा तो माझ्या स्वेटरातून सोसत होता.

माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक तळहात आला आणि तेथेच थांबला. त्या हाताची पद्धत मी ओळखली. आमच्या फ्रिजवर तो असाच ठेवला गेला होता. "दम घ्या, पाव्हणं," व्याही म्हणाले.

महिनाभरातच व्याही आणि विहीणबाई जर्मनीला गेले. निघताना व्याह्यांनी घराची किल्ली विहीणबाईंच्या भावाला न देता मला दिली, याचे त्यांच्या नातलगांना आश्चर्य वाटले. सूचनाही दिल्या. "दर रविवारी यायचं. आदी हात लावायचा, मग बटण, मग वायर. बसलं तर बसू द्यायचं. घाई न्हाई करायची. लांबून येतंय, सामान मोठं असतं."

तेव्हापासून मी दर रविवारी मोशीला जातो. पत्नी अंगणातल्या झाडांना पाणी घालते, मी माडीवर जातो. घरात कोणी नाही हे जिना चढताना फार कळते. मी चपला बाहेर काढतो, खोळ काढतो, कोणी पाहत नाही ना याची आता खात्री करीत नाही, आणि यंत्राच्या कुशीला हात लावतो. नाव येते. मग सावकाश फोटो उतरतात. हल्ली त्यांत व्याही असतात. एका फोटोत ते तिकडच्या स्वयंपाकघरात उकिडवे बसून भिंतीतल्या हीटरला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकत आहेत, आणि त्यांच्या मागे मोठे झालेले पोट सांभाळत अश्विनी हसते आहे. त्यांच्या शेजारी फरशीवर एक स्क्रू पडला आहे.

गेल्या रविवारी वायर लावल्यावर यंत्र बराच वेळ बसून राहिले. बाण हलेना, ढग हलेना. कोणत्याही दिवशी बातमी यावी असे दिवस आहेत. मी खुर्चीत बसून फोन काढला आणि मुलाला लावला.

"हॅलो, बाबा," तो सवयीने म्हणाला, "आज इकडे जरा ऊन पडलंय."

"हवेचं राहू दे," मी म्हणालो, आणि पुढचे वाक्य यायला मला त्या यंत्राइतकाच वेळ लागला. "तुझा तो स्वेटर कोपराशी पार विरलाय रे."

पलीकडे, मागे कुठेतरी व्याह्यांचा आवाज येत होता. ते कशाला तरी दम लागल्याचे सांगत होते.

"तुम्हाला कसं कळलं?" त्याने विचारले.

"मी मोशीला आहे," मी म्हणालो. माझा हात अजून यंत्रावर होता. ते गरम होते. "तुम्ही सगळे इकडे यायला निघालात, त्याची वाट बघतोय. सावकाश या. जागा केलीय."